दुसरं पान

हॅलिफॅक्समध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून विचार करायचे,
"तुंबलेलं गटार" एका परिच्छेदात पाचदा कसं घालावं
आणि तरी ते माणसानं लिहिल्यासारखं कसं वाटावं.
नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, हाताशी वनस्पतिशास्त्राची पदवी,
आणि वाचनालयात फुकट मिळालेला सहा आठवड्यांचा कोर्स.

पहिलं गिऱ्हाईक ट्रेव्हर मिडग्ली.
पांढरी व्हॅन, एक हाताखालचा पोरगा, वीस मीटर लवचीक सळई.
वेबसाइट भाचीनं केलेली:
वर कुत्र्याचा फोटो, फोन नंबर कुठंच नाही.
पैसे पुढच्या महिन्यात, म्हणाला,
आणि आमचं मागच्या दारचं गटार काढून दिलं.
तो माझा पहिला पगार.

आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, नक्की करतेस काय?
सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन.
बरं. जेवलीस का?

एकदा मात्र नीट सांगितलं.
बघ, लग्नात दहाच पानं मांडलीत
(इथंही पानच म्हणतात, तेवढं बरं जमलं)
आणि मांडवाबाहेर चार हजार माणसं, हात धुऊन उभी.
दुसऱ्या पंगतीला कुणी वाढायला येतच नाही.
माझ्या माणसाला मी पहिल्या पंगतीत बसवते.

आई जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, "आणि उठवतेस कुणाला?"

बावीस वर्षं ती शेवटच्या पंगतीला जेवली होती,
आमटीत पाणी घालून.

एप्रिलमध्ये ट्रेव्हर पहिला आला.
फोन इतका वाजायचा की तो बायकोकडे देऊन ठेवला.
त्याच आठवड्यात "बॅराक्लफ अँड डॉटर"
सातवरून अकरावर घसरले.
ऑगस्टमध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगात त्यांची व्हॅन दिसली,
काचेवर किंमत चिकटवलेली.
"अँड डॉटर" एवढंच कुणीतरी खरवडून काढलेलं,
ऊन पडलं की अजून वाचता येत होतं.

आईला मी हे सांगितलं नाही.

मग मार्चातल्या एका मंगळवारी नियम बदलले.
कुणी, ते कळत नाही. पत्र येत नाही.
सकाळी ट्रेव्हर सदतिसावा,
छप्परवाला, कुलूपवाला, दोन डेंटिस्ट,
माझी बाराही गिऱ्हाइकं
उष्ट्या हातानं पानावरून उठवलेली.
ट्रेव्हर ओरडला नाही. "आता काय करायचं, लव्ह?" एवढंच म्हणाला.
मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं नाही.

रात्री अहवाल उघडून बसले,
लोकांनी काय काय टाइप केलं त्याचा.
गटार साफ हॅलिफॅक्स.
गटार साफ स्वस्त.
गटाराचा वास घरात बाळ आहे.
आज येईल असं कुणी प्लीज.

दाखवलं: तीनदा. क्लिक: शून्य.

यंत्राला कोण प्लीज म्हणतं?
आपल्यात तर माणसालाही म्हणत नाहीत,
नुसता एक "ना" लावतात मागं. या ना.
मी ते मराठीत म्हणून पाहिलं, हळू,
आतल्या खोलीत नवरा झोपला होता.

मग पान उघडलं.
"तुंबलेलं गटार" सव्वीसदा होतं, दोनदा ठेवलं.
फोन नंबर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत,
त्याखाली: आज येतो. आज जमलं नाही तर तसं सांगतो.
कुत्र्याचा फोटो परत लावला.

ट्रेव्हर हल्ली सहावा असतो. कधी नववा.
मला आता ऑफिस आहे, चिप्सच्या दुकानावर,
दोन मुली हाताखाली, भिंतीवर आलेख,
कपड्यांना व्हिनेगरचा वास.

संध्याकाळी त्या गेल्या की
मी कधीकधी दुसरं पान उघडते,
अकराव्या नंबरावर जो कुणी असेल
त्याला एक क्लिक देते.
त्यानं काही होत नाही,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक.